अंडं फोडण्याची घाई

आमच्या शाळेतले एक सर गेल्या महिन्यात मला स्टाफरूममध्ये बाजूला घेऊन म्हणाले, "मॅडम, असले सिनेमे घरातसुद्धा लावू नका. त्यात तो मोठा डोळा आहे ना, आकाशातून उतरणारा? एक डोळा म्हणजे दज्जाल. हे लोक मुद्दाम घालतात." सरांनी सिनेमा पाहिला नव्हता. त्यावरचा बारा-पंधरा मिनिटांचा एक व्हिडिओ पाहिला होता.

त्याच आठवड्यात बीएडच्या वेळच्या एका मैत्रिणीचा फोन आला. ती स्वतःला नास्तिक म्हणवते आणि तसं म्हणवून घेण्याचा तिला पूर्ण हक्क आहे. तिने सिनेमा पाहिला होता. ती म्हणाली, "अगं, सरळ आहे. अंडं म्हणजे धर्म. मुलगी जन्मभर पोटाशी धरून बसली, त्याने फोडलं, आत काहीच नाही. तुला ते पटवून घ्यायचं नाही म्हणून तू आडवळणं घेतेस."

हे दोघं एकमेकांसमोर बसले तर पाच मिनिटांत भांडतील. माझं म्हणणं असं आहे की दोघांनी एकच गोष्ट केली, आणि ती चुकीची आहे. दोघांकडे आधीपासून एक किल्ली होती. सिनेमा म्हणजे त्यांना कुलूप वाटलं.

सिनेमा आहे मामोरु ओशीई या जपानी दिग्दर्शकाचा 'तेन्शी नो तामागो', म्हणजे देवदूताचं अंडं. 1985 च्या डिसेंबरात तो व्हिडिओ कॅसेटवर आला. चित्रं आणि पात्रांची रूपं योशिताका आमानो यांची. लांबी फक्त 71 मिनिटं, आणि त्यात बोलणं इतकं मोजकं की सगळे संवाद माझ्या हजेरीपटाच्या चार पानांत मावतील. तेव्हा तो फारसा चालला नाही. ओशीईचं नाव जगभर झालं ते पुढे 1995 मध्ये, 'घोस्ट इन द शेल'मुळे. आता मात्र या जुन्या सिनेमाचे दिवस फिरले आहेत. 2025 मध्ये नव्याने स्वच्छ केलेली त्याची प्रत कान महोत्सवाच्या जुन्या चित्रपटांच्या विभागात दाखवली गेली. त्यामुळे अचानक सगळीकडे 'अर्थ उलगडला' छापाचे व्हिडिओ आले, आणि आमच्या सरांपर्यंतही पोचले.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. एक ओसाड, दगडी, कायम अंधारलेलं शहर. तिथे पांढऱ्या केसांची एक लहान मुलगी एकटी राहते. तिच्याजवळ एक मोठं अंडं आहे. ते ती झग्याखाली पोटाशी धरून फिरते, रस्त्यारस्त्यांतून काचेच्या बाटल्या गोळा करते, त्यात पाणी भरते. रणगाड्यासारख्या यंत्रांच्या रांगेतून एक तरुण उतरतो. हाताला पट्ट्या, खांद्यावर क्रॉसच्या आकाराचं काहीतरी. दोघं एकमेकांना विचारतात, तू कोण? उत्तर कोणीच देत नाही. तो तिच्यामागून चालत राहतो. ती आधी घाबरते, मग विश्वास टाकते, आपल्या राहत्या जागी नेते. रात्री ती झोपलेली असताना तो त्याच हत्याराने अंडं फोडतो आणि निघून जातो. सकाळी तिला कवचाचे तुकडे दिसतात. ती किंचाळते, धावत सुटते, पाण्यात पडते. तिच्या तोंडून निघालेले बुडबुडे वर येऊन अंडी होतात, एक नाही, कितीतरी. शेवटी तो डोळ्यासारखा गोल पुन्हा आकाशात चढतो. त्याच्यावर दगडी पुतळ्यांची दाटी आहे, आणि त्यांच्यात आता तीही बसलेली दिसते, मांडीवर अंडं घेऊन.

आता यात ख्रिस्ती खुणा आहेत हे कोणी नाकारू नये. क्रॉस आहे, पट्ट्या बांधलेले हात आहेत, तरुणाच्या तोंडी बायबलमधली महापुराची कहाणी आहे. ओशीईला तरुणपणी ख्रिस्ती धर्माची ओढ होती, पुढे श्रद्धा सुटली आणि त्यानंतर हा सिनेमा आला, असंही सांगितलं जातं. माझी मैत्रीण याच धाग्याला धरून बसली आहे. माणसाची श्रद्धा गेली, म्हणून सिनेमा श्रद्धा जाण्याबद्दल, म्हणून अंडं म्हणजे श्रद्धा, म्हणून ती पोकळ. तीन 'म्हणून' आणि त्यातलं एकही पडद्यावरून आलेलं नाही. शिवाय त्याच दिग्दर्शकाने हा सिनेमा कशाबद्दल आहे ते आपल्यालाही ठाऊक नाही असं म्हटल्याचंही सगळीकडे सांगितलं जातं. त्याच्या आयुष्याची साक्ष काढायची तर ही साक्षही घ्यावी लागेल. सोयीची तेवढी घ्यायची आणि बाकीची पुसून टाकायची, ही वकिली झाली.

मी नूह अलैहिस्सलामच्या कहाणीपाशी थोडं थांबते, कारण प्रतीकांची किल्ली कशी फसते ते तिथे स्वच्छ दिसतं.

बायबलच्या उत्पत्तीच्या पुस्तकात नोहा आधी कावळा सोडतो, मग कबूतर. पहिल्यांदा कबुतराला पाय टेकायला जागा मिळत नाही, ते परत येतं. सात दिवसांनी पुन्हा सोडतो, तेव्हा ते चोचीत ऑलिव्हचं पान घेऊन येतं. आणखी सात दिवसांनी सोडतो, तेव्हा ते परत येत नाही. तिथे हे न येणं म्हणजे खुशखबर आहे. पक्ष्याला जमीन मिळाली, आता उतरायला हरकत नाही.

सिनेमातला तरुण हीच गोष्ट सांगतो, आणि हा पक्षी परत न येण्यापर्यंत आणून तिथून वळतो. त्याच्या कहाणीत जहाजातले लोक वाट पाहत राहतात. पक्षी कुठे उतरला की पाण्यात बुडाला, कोणाला कळत नाही. वाट पाहून ते थकतात. मग आपण पक्षी सोडला होता हेच विसरतात, पाण्याखाली एक जग होतं हेही विसरतात, आणि जहाजातले प्राणी दगड होऊन जातात. म्हणजे घटना तीच, पक्षी परत न येण्याची. एका पुस्तकात ती सुटका आहे, या तरुणाच्या तोंडी ती कायमची कैद आहे. आता सांगा, पक्षी कशाचं प्रतीक? आशेचं की निराशेचं? शब्दकोशासारखी यादी करून हे सुटणार नाही. तो न आलेला पक्षी कोण सांगतो आहे, कोणाला सांगतो आहे, ऐकणारी पुढे काय करते, हे बघावं लागेल.

आणि ऐकणारी काय करते? कदाचित तो पक्षी कधी नव्हताच, असं तरुण म्हणत असतो. मुलगी म्हणते, आहे. आणि त्याला हाताशी धरून नेते आणि दाखवते. भिंतीत रुतलेला प्रचंड सांगाडा, पसरलेल्या पंखांचा. माझी मैत्रीण हा प्रसंग विसरली होती. मी फोनवर आठवण करून दिली तर म्हणाली, "हो, पण तो तर मेलेला आहे." बरं, मेलेला आहे. पण मेलेला म्हणजे कधीतरी होता. 'कधी नव्हताच' आणि 'होता, आता हाडं आहेत' या दोन गोष्टी सारख्या आहेत का? ज्याच्या घरात कोणी गेलं आहे त्याला विचारा.

जाता जाता एक सांगते. आपल्या कुरआनात नूहच्या कहाणीत कबूतर नाहीच. ते आपल्याकडे आलं ते किस्से सांगणाऱ्यांकडून. कुरआनातली कहाणी वेगळ्या ठिकाणी दुखते. बाप हाक मारतो, मुलगा डोंगरावर चढून वाचेन म्हणतो, आणि मध्ये लाट येते. जहाज जूदीवर टेकतं. सूरह हूद काढून बघा. म्हणून आमच्या सरांचं म्हणणं की 'यात आपल्या नबींचा किस्सा बिघडवला आहे', तेही जरा जपून घ्यायला हवं. बिघडवण्याआधी तो कुठला किस्सा आहे ते तरी पाहू या.

सरांना मी आणखी एका जागेची आठवण दिली. आल-ए-इमरानची सातवी आयत. त्यात सांगितलं आहे की किताबमधल्या काही आयती स्पष्ट आहेत, त्या मुळाच्या; आणि काही मुतशाबेह आहेत, म्हणजे अनेक अर्थांकडे झुकणाऱ्या. ज्यांच्या मनात वाकडेपणा आहे ते या दुसऱ्या आयतींच्या मागे लागतात, फितना आणि तावील शोधत. त्यापुढे एक जागा आहे जिथे आपल्याकडच्या छापील प्रतींत थांबण्याची खूण असते. तिथे थांबलात तर अर्थ होतो, तावील फक्त अल्लाह जाणतो. न थांबता पुढे गेलात तर इल्ममध्ये पक्के असलेलेही जाणतात असा अर्थ निघतो, आणि मुजाहिदसारखे जुने भाष्यकार तसंच मानत. एका थांब्यावर शेकडो वर्षं विद्वान बोलत आले, आणि दोन्ही बाजूंना मान आहे. अस्तगफिरुल्लाह, मी कार्टूनची आयतीशी बरोबरी करत नाही. बोलते आहे ती वाचणाऱ्याच्या वृत्तीबद्दल. ज्या उम्मतीला संदिग्धतेसमोर कसं उभं राहायचं याचा इतका जुना रियाज आहे, तिने आकाशात गोल दिसला की 'दज्जाल' म्हणून मोकळं व्हावं?

माझा राग कुठून येतो तेही सांगते. मी वीसेक वर्षं उर्दू आणि मराठी शिकवते आहे. दोन्ही विषयांची गाईडं माझ्या टेबलावर येतात. गझलमध्ये 'क़फ़स' आला की मुलं लिहितात, पिंजरा म्हणजे गुलामी. 'सय्याद' म्हणजे इंग्रज सरकार. शायर इंग्रज येण्याआधी वारलेला असला तरीही. मराठीत पक्षी आला की आत्मा, दिवा आला की ज्ञान. दोन गुण पक्के. एका वर्षी एका मुलीने लिहिलं होतं की पिंजऱ्यातला पक्षी मला पक्षीच वाटला, कारण बाहेर ऊन आहे असं शेरात आहे आणि पक्ष्याला ते दिसतंय. मी तिला पूर्ण गुण दिले. तपासणी दुसऱ्याकडे गेली तेव्हा ते कापले गेले. अर्थ लिहिला नाही, असा शेरा होता. पिंजरा, ऊन, आणि आतून दिसणं, हे तिने लिहिलं होतं. यापेक्षा जास्त अर्थ काय असतो मला माहीत नाही.

आणि मी बाहेर पडते तेव्हा माझ्या डोक्यावर ओढणी असते. लोकलमध्ये समोरची बाई दोन स्टेशनांत माझा उलगडा करून टाकते: घरचे कडक असणार, शिक्षण बेताचं, मराठी येत नसेल. मी मराठी शिकवते म्हटलं की तिचा चेहरा पाहण्यासारखा होतो. मोहल्ल्यात ओढणी खांद्यावर घसरली तर तिथेही एक किल्ली तयार असते. ओढणी म्हणजे अमुक, ओढणी नाही म्हणजे तमुक. मला कोणी विचारत नाही. म्हणून त्या सिनेमातल्या मुलीला कोणी प्रतीक म्हणून गुंडाळून ठेवलं की मला झोंबतं. आधी ती मुलगी आहे.

मला त्या सिनेमातला कोळ्यांचा प्रसंग या सगळ्या उलगडा करणाऱ्यांसाठीच ठेवल्यासारखा वाटतो. शहरात पुतळ्यासारखे उभे असलेले पुरुष एकाएकी जिवंत होतात. भिंतींवरून, रस्त्यांवरून प्रचंड माशांच्या सावल्या पोहू लागतात. मासे नाहीत, फक्त सावल्या. हे लोक भाले घेऊन धावतात आणि सावल्यांवर मारतात. भाले भिंतीत घुसतात, काचा फुटतात, आणि सावली निवांत पुढे सरकते. मुलगी तरुणाला सांगते की मासे कुठेच नाहीत तरी हे मागे लागतात. मी सावलीला अर्थ देणार नाही. मी फक्त फुटलेल्या काचा मोजते. त्या शहरात नुकसान माशांनी केलेलं नाही.

खऱ्या भाल्याचंही एक उदाहरण आहे. 1988 मध्ये कार्ल कोलपार्ट या दिग्दर्शकाने 'इन द आफ्टरमाथ' नावाचा सिनेमा केला. त्यात ओशीईच्या सिनेमातली चित्रं उचलून वापरली आणि मध्ये प्रलयानंतरच्या उजाड जगातल्या जिवंत नटांची गोष्ट घातली. गप्प असलेल्या मुलीच्या तोंडी संवाद घातले. अंडं काय कामाचं हेही ठरवून टाकलं. शांतता सहन न होण्याचा यापेक्षा मोठा पुरावा मी पाहिलेला नाही. आपण व्हिडिओ करून जे करतो ते त्यांनी कात्रीने केलं, एवढाच फरक.

इथे मला एक प्रश्न विचारला जातो, आणि तो रास्त आहे. मग काहीही अर्थ लावा, ज्याचा त्याचा अर्थ, असं म्हणायचं का? नाही. ते म्हणणं मला किल्लीइतकंच नावडतं. त्यात आदराचा आव असतो आणि आळस असतो. पडद्यावर जे घडतं ते घडतं. मुलीने अंडं स्वतः सांभाळलं. तरुणाने तिला आधी सांगितलं होतं की अंडं फोडल्याशिवाय आत काय आहे ते कळत नाही. तिने तरी त्याला घरात घेतलं. ती झोपल्यावर त्याने फोडलं. तिच्या संमतीने नाही, तिच्या डोळ्यांसमोर नाही. आत काय होतं ते आपल्याला दिसत नाही. दिसतं ते रिकामं कवच, आणि ते फोडल्यानंतरचं. हा क्रम कुठल्याही वाचनाने बदलता येत नाही. 'धर्म पोकळ निघाला' म्हणणाऱ्या माझ्या मैत्रिणीला मी एवढंच विचारलं, तुझ्या अर्थात ती किंकाळी कुठे बसते? पोकळ गोष्ट गेली तर तरुणाने तिच्यावर उपकार केले म्हणायचे का? ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "ते मी धरलं नव्हतं."

माझं वाचन विचाराल तर माझ्याकडे एक शब्द आहे, अमानत. कोणी विश्वासाने सोपवलेली वस्तू. उर्दूत तो सरळ अमानत म्हणून राहिला, मराठीत अक्षरं उलटीसुलटी होऊन 'अनामत' झाला आणि लायब्ररीच्या पावतीवर जाऊन बसला. अमानत उघडून बघायची नसते. शेजारीण हजला जाताना डबा ठेवून गेली तर त्यात दागिने आहेत की जुनी पत्रं, हे माझं काम नाही. ती परत येईपर्यंत डबा जसा आहे तसा राहिला पाहिजे. त्या मुलीला मी अशी बघते. आणि तरुणाला खयानत करणारा म्हणून बघते, मग त्याच्या खांद्यावर क्रॉस असो की नांगर.

म्हणजे मीही किल्लीच आणली, असं सर म्हणाले. बरोबर पकडलं. पण मी एवढं म्हणेन की माझा शब्द अंड्याच्या आत शिरत नाही. तो फक्त धरणारीबद्दल आणि फोडणाऱ्याबद्दल बोलतो, आणि ते दोघं पडद्यावर आहेत. शिवाय माझ्या शब्दाला शेवट सांभाळता येत नाही, हेही कबूल करते. बुडबुड्यांतून इतकी अंडी का यावीत? अमानतीचं असं बियाणं होतं का? मला जमत नाही.

माझी मुलगी अकरावीत आहे. सिनेमा आम्ही तिच्याच हट्टाने पाहिला होता. सरांचं ऐकून मी तिला विचारलं, "तुला तो डोळा भीतीचा वाटला का?" ती म्हणाली, "अम्मी, डोळा राहू दे, आधी हे सांग, ती बाटल्या कशाला भरते? तिथे तर सगळीकडे पाणीच आहे." मी तीनदा पाहिला होता आणि हा प्रश्न मला पडला नव्हता. जिन्याच्या कडेने त्या बाटल्या ओळीने मांडलेल्या आहेत, किती तरी. एखाद्या व्हिडिओत याचंही उत्तर असेल. आम्ही शोधलं नाही.

आम्ही रविवारी पुन्हा लावला, तिच्या दोन मैत्रिणी होत्या. शेवटी कॅमेरा वर वर जातो आणि इतका वेळ ज्याला जमीन समजत होतो ती पाण्यात पालथ्या पडलेल्या जहाजाच्या तळासारखी दिसते. यावर मुलींचं जुंपलं. एक म्हणाली, जहाज बुडालं. दुसरी म्हणाली, बुडालं असतं तर ते लोक राहतात कुठे? माझी मुलगी म्हणाली, पालथं आहे हे वरून बघणाऱ्याला कळतं, त्यांना कसं कळणार. चहा उकळून गेला तरी वाद चालूच होता, आणि सोमवारी सरांना सांगण्यासारखं माझ्याकडे काही उरलं नाही.